कुशीचं विचारलं, मनाचं कुणी विचारलं?

या भागात दरवेळी आम्ही बचत गटाच्या कर्जाचं, हप्त्याचं नाहीतर शेळीपालनाचं बोलतो. आज जरा वेगळा विषय आहे. तो आमच्याच गटातून निघाला, म्हणून आधी तेच सांगतो. जिची ही गोष्ट आहे तिला विचारून सांगतोय. फक्त नाव सांगणार नाही.

मागच्या संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू होतं. सगळ्या आल्या होत्या. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नसलेली एक ताई मागे भिंतीला टेकून बसली होती. कुंकू लावलं, तिळगूळ दिला. ओटी भरायची वेळ आली तेव्हा जिच्या हातात सूप होतं ती तिला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळ्यांनी बघितलं, आणि तिळगूळ खात बसलो. थोड्या वेळाने ती ताई उठून गेली.

त्यानंतर तीन बैठकांना ती आली नाही. हप्ता जावेच्या हाती पाठवायची. आम्ही रजिस्टरात ‘गैरहजर’ लिहीत गेलो. चौथ्या वेळी दोघी-तिघी तिच्या घरी गेलो, तर म्हणाली, “हप्ता पोचतोय ना? मग माझं काय काम?”

बराच वेळ बसलो तेव्हा ती बोलती झाली. पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात, ते रोज पहाटे उठून काढते. वजन वाढलंय. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं आणि रक्तात साखर काठावर आली. ती म्हणाली, “तीन ठिकाणी फाईल दाखवली. पोटाचं सगळ्यांनी विचारलं, साखरेचं विचारलं. झोप लागते का, हे एकानेही नाही विचारलं. तुम्हीसुद्धा नाही.”

ते ‘तुम्हीसुद्धा’ आम्हाला लागलं. आमच्यातल्या एक-दोघी बीए झालेल्या आहेत. आम्ही पुस्तकं काढली, जाणत्या लोकांना विचारलं. मूल नसलेल्या बाईला आजवर कुणी काय काय विचारलं, आणि काय विचारायचं राहून गेलं, ते शोधलं. तेच आज सांगतो.

जुन्या काळापासून सुरुवात करू. ‘वांझ’ हा शब्द आपण जमिनीलाही लावतो, म्हशीलाही आणि बाईलाही. तीनही ठिकाणी अर्थ एकच, ‘हिच्यापासून उत्पन्न नाही’. पुरुषासाठी असा रोजच्या बोलण्यातला शब्द आठवून बघा, पटकन आठवणार नाही. म्हणजे दोष कुणाचा हे तपासायच्या आधीच ठरलेलं होतं. डोहाळजेवणात ती नको, बारशाला पुढे नको, सकाळी कामाला निघताना समोर नको.

मग त्या बायका आपलं दुःख कुठे बोलत होत्या? जात्यावर. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, अंधार असायचा, जात्याची घरघर चालू असायची. जे सासूसमोर बोलता येत नव्हतं ते ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात मूल नसलेल्या बाईचं दुःखही आहे. समुपदेशन हा शब्द तेव्हा नव्हता, पण मन मोकळं करायला ठरलेली जागा होती आणि समोर ऐकणारी बाई होती. पुढे गावात पिठाची गिरणी आली. हातांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ती पहाटेची जागाही गेली, आणि तिच्या बदली दुसरी जागा काही आपण केली नाही.

त्या काळात मूल नसणं हे घरापुरतं दुःख नव्हतं. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. त्यांना मूल नव्हतं, मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता. इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने तो दत्तक मानला नाही आणि सातारचं राज्य खालसा केलं. वारस नाही म्हणून राजाचं राज्य गेलं. साध्या घरात वारस नसला तर बाईचं घर जायचं, कारण तिच्यावर सवत यायची.

त्याच 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले आपल्याला शिक्षिका म्हणून माहीत आहेत. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, हे आपण सहसा बोलत नाही. लग्न 1840 चं. त्या काळात मूल नाही म्हणून दुसरी बायको करणं ही अगदी साधी गोष्ट होती. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. 1863 साली दोघांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं आणि बाळाचा जीव वाचावा, म्हणून. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे आली. तिच्या मुलाला दोघांनी 1874 साली दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्यासोबत रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या.

आता विचार करा. लोक शेण फेकत होते, घर सोडावं लागलं होतं, वर मूल नाही. या बाईला किती टोमणे ऐकावे लागले असतील! तरी त्या उभ्या राहिल्या, कारण घरातला माणूस सोबत होता आणि हाताला काम होतं. फातिमा शेख यांच्यासारखी मैत्रीण होती. आधार आधार म्हणतात तो हाच.

पण सगळ्यांच्या घरी जोतीराव नव्हते. म्हणून कायदा लागला. गोव्यात पोर्तुगीज सरकारने 1880 साली हिंदूंच्या चालीरीतींची संहिता केली. बायकोला 25 वर्षांची होईपर्यंत एकही मूल झालं नाही, किंवा 30 पूर्ण होऊनही मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरी करता येईल, असं त्यात लिहिलं होतं. ‘संमतीने’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो. पण जिला माहेरी परत जायची सोय नाही ती नाही कसं म्हणणार?

आपल्याकडे मुंबई प्रांतात 1946 साली हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा झाला. त्याला आव्हान मिळालं आणि 1951 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे तो खटला चालला. धर्माप्रमाणे मुलगा लागतो, म्हणून दुसरं लग्न लागतं, हा मुद्दा तिथे आला. न्यायालयाने कायदा कायम ठेवला. मुलगा हवा असं धर्म म्हणतो हे खरं, पण दत्तक घ्यायलाही तोच धर्म सांगतो, असं निकालात आहे. पुढे 1955 चा हिंदू विवाह कायदा देशभर आला. 1956 च्या दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि विधवा किंवा एकट्या बाईला स्वतःच्या हक्काने दत्तक घेता येऊ लागलं.

म्हणजे सवत कायद्याने थांबली. टोमणे मात्र कायद्याने थांबत नाहीत. बुवा-बाबा तर अजूनही आहेत. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मूल होत नसलेल्या बाईला दैवी शक्तीने मूल देतो असं सांगून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणं हा त्यात गुन्हा म्हणून वेगळा लिहिला आहे. कायद्यात वेगळं लिहावं लागलं, यावरून समजा की असं किती होत असेल. बाई तिथपर्यंत जाते ती मूर्ख असते म्हणून नव्हे. दुसरीकडे कुणी तिचं ऐकून घेत नाही, म्हणून जाते.

आता आजाराकडे येऊ. पीसीओडी, पीसीओएस हे हल्लीचं खूळ आहे, आमच्या वेळी नव्हतं, असं आपल्या सासवा म्हणतात. तसं नाही. 1721 साली इटलीतल्या वालिस्नेरी नावाच्या वैद्याने एका शेतकरी बाईचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तरुण, लग्न झालेली, अंगाने जाड, मूल नसलेली. तिची अंडाशयं, म्हणजे स्त्रीबीज तयार होतं त्या दोन गाठी, नेहमीपेक्षा मोठ्या, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढ्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वीची, आपल्यासारखीच शेतात राबणारी बाई. तिच्या अंडाशयाचं माप आपल्याला माहीत आहे. तिचं नाव माहीत नाही आणि तिला काय वाटत होतं तेही माहीत नाही.

1935 साली अमेरिकेत शिकागो शहरात स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी अशा सात बायकांचा अभ्यास छापला. पाळी येत नाही, काहींच्या अंगावर जास्त केस, अंडाशयावर बारीक बारीक गाठी. डॉक्टरांनी अंडाशयाचा थोडा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. तेव्हापासून बरीच वर्षं या आजाराला त्या दोघा डॉक्टरांचंच नाव होतं. सगळं लक्ष अंडाशयावर, कारण सवाल एकच होता, मूल होईल का?

साखरेशी असलेलं नातं कळायला 1980 साल उजाडावं लागलं. या बायकांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं, हे तेव्हा दिसून आलं. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायचं. शरीर त्याला दाद देईना झालं की शरीर आणखी इन्सुलिन बनवतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. म्हणून बीज वेळेवर सुटत नाही, पाळी चुकते, केस वाढतात, मानेवर काळे पट्टे येतात. पुढे मधुमेहाची भीती राहते. म्हणजे हा नुसता गर्भपिशवीचा आजार नाही, सगळ्या शरीराचा आहे. तो कुणाच्या पापाने किंवा नजरेने होत नाही. ‘खाऊन खाऊन झाला’ हेही बरोबर नाही, कारण अंगाने बारीक बायकांनाही तो होतो.

आपल्या भागातल्या बायकांसाठी एक अभ्यास फार महत्त्वाचा आहे. 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवली. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. पण बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढे साखरेचा आजार होण्याची तयारी पोटातच सुरू होते, असं यातून पुढे आलं. आईच्या पोटात, म्हणजे आईच्या ताटात काय होतं इथपर्यंत हे जातं. मग आजच्या सुनेला दोष देऊन काय उपयोग?

असं शरीराचं ज्ञान वाढत गेलं. बाळ जन्माला घालायचं तंत्रही आलं. 1978 साली इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून 1986 साली असं बाळ झालं. मनाचा नंबर मात्र शेवटी लागला. पीसीओएस असलेल्या प्रत्येक बाईला चिंता आणि नैराश्य यांबद्दल विचारा, असं आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेने 2018 साली स्पष्ट सांगितलं आणि 2023 साली पुन्हा बजावलं. 1721 ते 2018, हिशोब करा. जवळजवळ तीनशे वर्षांनी आमच्या ताईचा प्रश्न कागदावर आला.

हे काही एक-दोघींचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांत 13 जणींपर्यंत हा आजार असू शकतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तो कळलेलाही नसतो. तुमच्या गावातले सगळे गट एकत्र बसवले तर त्यात अशा किती जणी असतील, तुम्हीच मोजा. या बायकांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. आणि मन खचलं की चालणं, वेळेवर जेवणं, गोळी घेणं सगळं सुटतं. साखर आणखी वाढते. म्हणून मनाचा उपचार हा उपचाराचाच भाग आहे.

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळणं हा हक्क झाला. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर 14416. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता आमच्या गटाने काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही.

पहिलं, आम्ही त्या ताईची माफी मागितली. बैठकीत, सगळ्यांसमोर. सूप जिच्या हातात होतं तिने एकटीने नाही, सगळ्यांनी, कारण बघणाऱ्या सगळ्या होत्या. गटाच्या हळदीकुंकवात ओटी भरायची तर सगळ्यांची, मूल असो-नसो, नवरा असो-नसो, असा ठराव लिहिला. एका मावशींनी सही करायला दोन बैठका घेतल्या. पण केली.

दुसरं, विचारायला शिकलो. ‘काय, गोड बातमी कधी?’ हे बंद. दोन प्रश्न आशाताईंकडून शिकलो, ते डॉक्टरही विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत खूप उदास, हताश वाटलं का? नेहमीच्या कामात, आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला का? उत्तर हो आलं तर सल्ला द्यायची घाई करायची नाही. आधी ऐकायचं. मग तिच्या मर्जीने दवाखान्यात सोबत जायचं. मरणाचे विचार येतात असं कुणी म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मदत मिळवायची. आणि ऐकलेलं गटाबाहेर जाऊ द्यायचं नाही. एकदा फुटलं की पुन्हा कुणी बोलणार नाही.

तिसरं, तपासणी दोघांची. मूल न होण्याचं कारण पुरुषात असू शकतं आणि त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासण्यांपेक्षा सोपी असते. बाईच्या हातात फाईल द्यायची आणि पुरुषाने पारावर बसायचं, हे चालणार नाही. पाळी तीन महिने आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. मूल हवं असो वा नको, डॉक्टरांना दाखवा. रक्तातली साखर वेळोवेळी तपासा. एकीच्या गोळ्या दुसरीने खाऊ नका.

त्या ताईचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणार. मूल झालं का? नाही झालं. होईलही, न होईल. ती महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे जाते. एसटीत एकटी जायला तिला नको वाटतं, म्हणून आमच्यातली एकजण पाळीपाळीने सोबत जाते. साखर पहिल्यापेक्षा बरी आहे. नवऱ्याने तपासणी करून घेतली, त्याला मात्र सहा महिने लागले. सासू अजून बोलते. पण परवा ती ताई म्हणाली, आता झोप लागते.

हप्त्याच्या रजिस्टरात आम्ही आता ‘गैरहजर’ एवढंच लिहून थांबत नाही. पुढे कारण लिहितो, आणि कारण माहीत नसेल तर त्याच दिवशी घरी जातो. तुमच्या गटाचं रजिस्टर एकदा काढून बघा. कोण तीन वेळा आली नाही? तिच्या घरी जा. हप्त्याचं नंतर विचारा.